मुलू आणि माझ्या शेळ्या

मागच्या रविवारी माझ्या शेळ्यांनी शर्यत अडवली. हसू नका, खरंच अडवली...

आमच्या धर्मापुरीच्या फाट्यापर्यंत येऊन परत परळीला जायची, अशी लांब पल्ल्याची शर्यत होती. माझी नात सोनाली पळणाऱ्यांना पाणी द्यायला फाट्यावर टेबल मांडून उभी होती. आदल्या दिवशीच तिनं बजावलं होतं, "आजे, उद्या शेळ्या रस्त्यावर आणू नको."

मी हो म्हणाले. पण आमच्या रस्त्यानं पोलीस भरतीची पोरं रोजच पळतात. शेळ्या दिसल्या की वळसा घालून जातात, वर "आजी, बोकड इकायचा का?" म्हणून चिडवतात. मला वाटलं, तसलीच पोरं असतील...

निम्म्या शेळ्या पलीकडं, निम्म्या अलीकडं, आणि समोरून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत आली. तिच्या मागं एक उंच, सडपातळ पोरगी पळत होती. सगळ्यांच्या पुढं! हॉर्ननं शेळ्या आणखीनच बिथरल्या.

सोनाली टेबलामागून ओरडली, "आजे, हाकल की! काहून आणल्यास इकडं? मुलू हाय ती, इथिओपियाची! पाय मोडून लई दिवस घरी बसलती. आज हरली तर तिला पुढं कुणी बोलवायचं न्हाई!"

माझ्या हातातली काठीच गळाली. कुठल्या मुलखातून लेकरू आलं, आणि माझ्या शेळ्यांपायी त्याचं नुकसान...

पण मुलू थांबलीच नाही. तोंडानं तिनं "ट्र्र्र" केलं, आणि शेळ्या झाल्या की बाजूला! माझ्या सुनेनं घसा फोडला तरी ढिम्म हलत नाहीत त्या. एक करडू तेवढं मधेच उभं होतं. मुलूनं त्याच्यावरून उडी मारली, त्याच मोडलेल्या पायावर उतरली, तोंड जरा वेडंवाकडं केलं... मी तर डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती वळणापलीकडं गेली होती.

मग कुठला धीर निघतोय? शेळ्या सुनेच्या हवाली केल्या आणि लेकाला म्हणाले, "काढ गाडी. त्या पोरीची माफी मागितल्याबिगर मला घास गिळायचा न्हाई."

परळीला पोचलो तर मुलूच्या गळ्यात पदक! पहिली आली होती. तरी मी हात जोडले. मला ओळखून ती खो-खो हसत सुटली आणि हातवारे करून काहीतरी भराभरा बोलली. सोबत तिचे कोच होते, त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्यांनी समजावून सांगितलं.

मुलूच्या बापाच्या शेळ्याच आहेत. ती पळायला शिकली ती शेळ्यांच्या मागंच! पुढं शहरात गेली, लहान वयातच पदकं मिळवली, आणि मग घोटा मोडला. हाड कधीच जुळलं होतं, पण भीती जाईना. त्या पायावर पूर्ण भार म्हणून टाकत नव्हती.

करडू आडवं आलं तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. पाय टेकला... आणि काहीच झालं नाही. तिथून पुढं ती न घाबरता पळाली. आता कोच तिला परदेशातल्या मोठ्या शर्यतीला उतरवणार आहेत.

मी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आधी ती दचकली. कोचनी नजर काढल्याचं सांगितलं, तर तिनं परत डोकं पुढं केलं... त्यांच्याकडंबी नजर लागते म्हणे!

त्या करडाचं नाव मी मुलू ठेवलंय. सोनाली म्हणते, "आजे, बोकड हाय ते!"

असू दे की. रोज सकाळी त्याला रस्ता ओलांडून देताना म्हणते... पळ माझी बाई, तिकडंबी तुझा पाय असाच टेकू दे.