सेटमधली काच आणि अक्कांचा कौल

रिंग फिरेना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. अक्कलकोटात दिवेलागण झाली होती, गुरुवारची गर्दी वाढत होती. समोर वडाच्या झाडापाशी अक्का दिवा लावून हात जोडून उभ्या होत्या. आणि मी माझ्या लेन्सच्या तोंडावर अडकलेली एक हलकी काच काढायच्या खटपटीत घामाघूम झाले होते.

"मॅडम, राहू द्या की," अण्णा म्हणाले. "काचंतनं दिसतंय न्हवं?"

"दिसतंय. पण अंधारात दिव्यासमोर ही काच नको."

"का?"

का ते सांगत बसले असते तर उजेड गेला असता. मी तशीच बसले आणि फोटो काढले. मागे काळपट बुंधा, पुढे अक्कांची पाठ, खाली उजव्या बाजूला त्यांचा दिवा. दोन-चार फ्रेम झाल्या तोवर दर्शनाची रांग मध्ये आली.

माझं नाव शमीम. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, पासपोर्टचे फोटो आणि चादरी-टॉवेलांचे कॅटलॉग यावर आमचं घर चालतं. अण्णांच्या कारखान्याच्या चादरी मी कितीतरी वर्षं शूट केल्या. कारखाना म्हणजे यंत्रमागांची शेड, आमच्याकडे तिलाच कारखाना म्हणतात. मग धंदा मंदावला. अण्णांनी आपल्या वाटणीचे माग विकून एक मिनीबस घेतली आणि टूर कंपनी काढली. सिद्धेश्वर तलाव, नळदुर्गचा किल्ला, अक्कलकोट अशी एक दिवसाची सहल. ब्रोशरला फोटो हवे होते, म्हणून ते माझ्याकडे आले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांच्या वाटणीचे माग अजून चालू होते.

माझा जुना फिल्टर एका वरातीत फुटला होता. मी अण्णांना पहिल्याच बैठकीत सांगितलं, "बजेट कमी आहे ना? मग एकच सीपीएल घ्या, पण चांगला घ्या."

"सीपीएल म्हंजे?"

"लेन्सचा गॉगल. दोन काचा असतात, पुढची फिरवता येते. फिरवली की पाण्यावरची, पानांवरची चमक कमी होते, आकाश गडद दिसतं. हे काम नंतर कॉम्प्युटरवर नीट होत नाही. बाकीचं बरंचसं होतं."

"आनि नळदुर्गच्या धबधब्याला?"

"त्याला एनडी. काळी काच. उजेड कमी आत येतो, म्हणून भर दुपारीही शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसतं. पण एका धबधब्यासाठी ती कशाला? नको."

अण्णांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यात फरक असतो हे मला चादरींच्या दिवसांपासून ठाऊक होतं, तरी मी गाफील राहिले. शूटच्या सकाळी ते एक झिपवाली पिशवी घेऊन हजर. आत डझनभर फिल्टर. लाल, निळे, पिवळेसुद्धा.

"तुमच्या एकाच्या पैशात सगळा सेट आला, मॅडम!"

मी काय बोलणार? बैल गेला होता, झोपा करून उपयोग नव्हता.

तलावावर सेटमधला सीपीएल लावला. चमक गेली, पण देवळाचं शिखरही पुसट झालं, चष्म्याला तेलकट बोट लागल्यासारखं. काढून ठेवला. नळदुर्गला एनडी लावली. पाणी गुळगुळीत झालं खरं, पण चहाच्या रंगाचं. तीही काढली. माझी चिडचिड वाढत होती. रस्ता लांबचा, उजेड कुणासाठी थांबत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी आधी काच लावायची आणि मग ती काढायची हाच उद्योग.

मी डबा खायला बसले तेवढ्यात अण्णांनी माझ्या लेन्सवर सेटमधली यूव्ही काच बसवली. तुषार उडतायत, लेन्स भिजेल म्हणून. भावना चांगली होती. यूव्ही म्हणजे साधी पारदर्शक काच. रोलच्या काळात तिचा उपयोग असे, आता लेन्सवर ओरखडा पडू नये एवढ्यापुरतीच. पण स्वस्त रिंगेचे आटे कच्चे असतात. अण्णांनी ती तिरकी घातली आणि जोर लावून फिरवली. आटे एकमेकांत रुतले. प्रवासाला मी एकच लेन्स नेते, तिच्यावर ही काच बसली ती बसली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि अक्का स्टुडिओत आले. मी कार्ड नुकतंच कॉम्प्युटरला लावलं होतं. अक्कलकोटचा फोटो मोठा होऊन पडद्यावर आला आणि अक्का खुर्चीवरून उठल्या.

खाली उजवीकडे त्यांचा दिवा. आणि वर डावीकडे, बुंध्याच्या काळोखात, आधाराशिवाय तरंगणारी दुसरी ज्योत. लहान, हिरवट, स्पष्ट.

अक्कांनी हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं. "नागेशा, बघ रे," त्या अण्णांना म्हणाल्या. "मी मागितलं त्ये दिलं की स्वामींनी."

अण्णांनी मला समजावलं. अक्का त्या दिवशी कौल मागायला आल्या होत्या. कौल म्हणजे देवाला मनातला प्रश्न विचारायचा आणि खुणेची वाट बघायची. प्रश्न असा की आपलेही माग विकून अण्णांना दुसरी बस घेऊन द्यावी का? होय असेल तर काहीतरी दाखवा, असं त्यांनी दिव्यासमोर म्हटलं होतं. आता त्यांना दिसलं होतं. रविवारी गिऱ्हाईक बोलवायचं ठरवूनच त्या उठल्या.

मला ती ज्योत काय आहे हे बघताक्षणी कळलं. आमच्यात तिला घोस्ट म्हणतात. दिव्याचा उजेड लेन्समधून आत जातो, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आपटून परत बाहेर निघतो. समोर चांगल्या लेपाची काच असली तर तो बाहेर जातो. साध्या काचेवरून तो पुन्हा आत फिरतो आणि फोटोत दिव्याचं आणखी एक चित्र उमटतं. बरोबर विरुद्ध कोपऱ्यात, आणि उलटं. नीट पाहिलं तर त्या ज्योतीचं टोक खाली होतं.

अक्का रिक्षात बसेपर्यंत मी गप्प राहिले. मग अण्णांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला कळलं की, मॅडम. पन अक्काला कशाला सांगायचं?"

"त्या माग विकायला निघाल्यात, अण्णा!"

"विकायलाच पायजेत. एका बसवर धंदा व्हनार न्हाय. माग विक म्हनून मी दोन वर्सं सांगालोय, ऐकतच न्हवती. आता ऐकली." मग जरा खालच्या आवाजात, "आनि तुमी सांगनार? तुमी?"

त्या 'तुमी'चा अर्थ मला बरोबर समजला. शमीम नावाच्या बाईने अक्कांना सांगायचं की तुमच्या स्वामींची खूण खरी नाही. उद्या पेठेत कोण काय म्हणेल? मला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. दोन्ही खरं आहे.

ते दिवस वाईट गेले. एका लग्नाचा अल्बम लावायला घेतला आणि नवरीच्या मावशीला दोनदा घातलं. चहा गार व्हायचा. उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. अक्कांच्या मागांवर चार बायका सुताच्या कांड्या भरतात, त्यांना मी नावाने ओळखते. माग गेले की त्या घरी. अक्कांचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, नवरा जाऊन वर्षं झालेली, आणि ते सगळं एका फालतू काचेच्या भरवशावर जाणार होतं. घरी अम्मींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेरेकू क्या करना है? भाई-बहन का मामला है. तू बीच में नक्को पड." शहाणा सल्ला होता. मला तो पटला नाही.

रविवारी सकाळी मी कॅमेरा घेतला. काच अजून लेन्सवर तशीच होती, मी मुद्दाम हात लावला नव्हता. अक्कांच्या घरी गेले. बाजूच्या शेडमध्ये माग खडखडत होते.

"अक्का, देव्हाऱ्यातला दिवा लावता का? एक फोटो काढायचाय. नंतर मला हवं ते बोला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दिवा लावला. मी खिडकी ओढून घेतली आणि फोटो काढला. कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. खाली दिवा. वर कोपऱ्यात हिरवी ज्योत, टोक खाली.

"आगं, स्वामी हितं पन आले!" अक्कांचा हात कपाळाकडे गेला.

मी उपाय करायला गेले आणि अपाय झाला होता. आता काच काढून दुसरा फोटो दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि काच निघेना. मी रबरबँड गुंडाळून फिरवलं, तो तुटला. बोटांनी जितकं दाबाल तितकी पातळ रिंग वाकते आणि जास्त रुतते. एकच इलाज राहिला होता. चपलेचा सपाट रबरी तळ रिंगेवर टेकवून फिरवायचा, म्हणजे सगळीकडून सारखी पकड बसते. धंद्यात सगळ्यांना माहीत असलेली युक्ती आहे. फक्त ती देव्हाऱ्यासमोर करता येत नाही.

"अक्का, मी बाहेर जाऊन आले."

मी दारात बसले, माझी चप्पल उचलली आणि लेन्सवर दाबली. अक्का मागोमाग आल्या होत्या.

"आगं बया! दिव्याचा फटू काढतीस त्याच्यातनं, आनि त्याला चप्पल लावतीस?"

"काच पुसून घेते, अक्का. दमा जरा."

करकर करून रिंग सुटली. मी हात धुतले, लेन्स पुसली, आत आले. तोच दिवा, तीच जागा. फोटो काढला. आता एकच ज्योत होती.

अक्कांनी दोन्ही फोटो बघितले. पुन्हा बघितले. मग ती काच माझ्या हातून घेतली आणि दिव्यासमोर धरून आरपार पाहिलं. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या श्रद्धेला मी काही म्हणत नाहीये. फक्त ती ज्योत या काचेची आहे."

"भ्यालीस व्हय गं सांगायला?"

"हो. लई भ्याले."

"बस खाली." त्यांनी मला पाटावर बसवलं. "ही काच कुनाची? तुझी?"

"नाही. अण्णांनी आणलेल्या सेटमधली."

"तू सांगितलीस त्याला आनायला?"

"मी एकच चांगली आणा म्हटलं होतं."

तेवढ्यात अण्णा दारात आले. गिऱ्हाईक कोपऱ्यावर रिक्षातून उतरतंय हे सांगायला आले होते. मला पाहिलं, देव्हारा पाहिला, अक्कांच्या हातातली काच पाहिली. त्यांना सगळं कळलं. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. पण अक्काच आधी बोलल्या, आणि काचेबद्दल नाही.

"नागेशा, बसचे टायर कसले घातलास?"

अण्णा गडबडले. "टायर? टायरचं काय मधीच?"

"इचारते त्ये सांग."

"...रिमोल्ड हायत." रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवीन रबर चढवलेलं. मग घाईघाईने, "पन पुढचे दोनी नवीन हायत, अक्का!"

"मानसं काय नुसती पुढंच बसत्यात व्हय रे?"

मग अक्का त्यांच्या घरच्या तेलुगूत अण्णांना आणखी काहीतरी बोलल्या. मला तेलुगू तोडकंमोडकं येतं, पण ते भाषांतर न केलेलंच बरं. गिऱ्हाईक आलं, चहा पिऊन गेलं. माग विकले गेले नाहीत. पहिली टूर निघण्याआधी अक्कांनी स्वतः बसभोवती फेरी मारून मागचे टायर बघितले, नवे होते.

मी पुढच्या गुरुवारी अक्कलकोटचा फोटो पुन्हा काढला, लेन्सवर काही न लावता. तोच ब्रोशरच्या कव्हरवर आहे. अण्णा महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले, मग दिवाळीच्या कॅटलॉगसाठी अक्कांच्या चादरी घेऊन तेच आले.

एकदा राहवलं नाही म्हणून अक्कांना विचारलं, "मग कौलाचं काय झालं?"

"मिळाला की," त्या म्हणाल्या. "म्या दिव्याकडं बघत बसले. स्वामी काच दावत व्हते."

यावर मी वाद घातला नाही. माझ्यापुरतं सांगते. बजेट कमी असेल तर फिल्टर एकच घ्या, चांगला घ्या, नाहीतर घेऊच नका. नुसत्या लेन्सने फोटो छान येतात. आणि कुणाच्याही टूरला निघालात तर बसण्याआधी मागचे टायर बघा.