वाढवून घेतलेली मेंढरं

गेवराईत माझी ओळख ‘पास करणारा’ अशी आहे. नेमकं काय पास करतो हे फारसं कोणाला ठाऊक नाही. बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं मला एकदा त्याच्या मेव्हण्याचं ड्रायव्हिंग लायसन पास करायला सांगितलं होतं. मी नाही म्हटल्यावर पुढे कित्येक दिवस माझ्या चहात साखर कमी पडत होती.

खरी गोष्ट अशी, की जगभरातले लोक आपण लिहिलेले छोटे-मोठे प्रोग्राम एका सामायिक कोठारात ठेवतात. ते कोणीही फुकट उचलावेत, वापरावेत, दुरुस्त करावेत. अशा प्रत्येक प्रोग्रामच्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. कोणीही काहीही आणून टाकलं तर कोठाराचा उकिरडा होईल, म्हणून दारावर आम्ही काही राखणदार बसलेलो असतो. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र सगळ्या देशांतून येतात. पोटापाण्याला मी एका कंपनीचं काम घरूनच करतो आणि उरलेल्या वेळात लोकांची पॅकेजं परत पाठवतो. परत पाठवण्याची मला जरा जास्तच गोडी आहे. कोणी ‘प्रोग्रामच्या चाचण्या नंतर लिहीन’ म्हणालं, की माझ्या अंगात येतं.

आमचे नियम साधे आहेत. पॅकेज कोऱ्या मशीनवर, म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही नव्या कॉम्प्युटरवर, चाललं पाहिजे. ते वापरायचं कसं हे लिहिलेलं असलं पाहिजे, लेखकाला शेजारी बसून सांगावं लागता कामा नये. आणि आपल्या नात्यातल्या माणसाचं पॅकेज आपण तपासायचं नाही. हा शेवटचा नियम मीच भांडून घालून घेतला होता. तो माझ्याच घरात येऊन आडवा पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझी चुलत बहीण उमापूरला राहते. तिचे वडील, म्हणजे माझे चुलते, यांना मी आणि ती दोघंही तात्या म्हणतो. घरी शेती आहे आणि मेंढरं आहेत. तात्या ग्रामपंचायतीच्या राजकारणात मुरलेले, कोणाचं काम कोणाच्या शब्दानं होतं हे त्यांना तोंडपाठ. बहीण बीडला कॉम्प्युटर शिकली आणि तिनं मेंढपाळांसाठी एक पॅकेज लिहिलं. कळपाची माहिती भरायची, की जंताचं औषध किती लागेल, लस कधी टोचायची, हे ते सांगतं. पुण्याच्या एका कंपनीनं तिला सांगितलं, की तुझं पॅकेज त्या कोठारात गेलं तर दुसरी परीक्षा न घेता आम्ही तुला कामावर घेऊ. तात्यांनी त्यावर आपला निकाल देऊन टाकला. तुळशीच्या लग्नाच्या आत पॅकेज गेलं तर पुणे, नाही गेलं तर हिचं लग्न. बघायला येणारे पाहुणेही त्यांनी ठरवून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी तात्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे हजर.

“पोरीचं ते तुझ्या हाताखाली हाय म्हणं.”

“मपल्या हातात काई न्हाई, तात्या. घरच्या माणसाचं आमी तपासत न्हाई.”

“मंग कोन तपासायलंय?”

“एक बाई हाय. लई लांबच्या देशातली.”

“कोन्या गटाची?”

“तिचा गट न्हाई.”

“आसं कसं आसंल?” तात्यांना माझी कीव आली असावी. “तिचे पाहुणे कोन, उठबस कुनाकडं, ते तरी काढ की. आन् तिला म्हणावं, करून टाक नापास.”

मी चाट पडलो. वशिला लावून पास करून घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, नापास करून घेणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो.

“कावून पन?”

“पोरगी एकली ऱ्हायची तिथं,” तात्या पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत म्हणाले. “आमाला करमंल का बे? लगीन जवळच्या गावात ठरलं तर येनंजानं तरी ऱ्हातं.”

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं, आणि त्यांनी गावाकडच्या जीपमधून धपाटे पाठवले होते. मी पेढेही खाल्ले आणि धपाटेही. दोन्ही पार्ट्यांचं खाऊन तटस्थ राहण्याचा मान आमच्या तालुक्यात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

ज्या बाईकडे पॅकेज गेलं तिला मी कधी पाहिलेलं नाही. पण आम्हा राखणदारांनाही तिची धास्ती वाटते. ती फार गोड लिहिते आणि काही म्हणजे काही सोडत नाही. थोड्या दिवसांनी तिचा प्रश्न आला. तो सगळ्यांना दिसेल असाच लिहिला जातो, त्यामुळे मीही वाचला. तिनं लिहिलं होतं, ‘पॅकेज छान चाललं. मी शंभर मेंढ्या भरल्या. प्रोग्रामनं शंभराहून जास्त मेंढ्यांचं औषध सांगितलं. या वरच्या मेंढ्या कुठून आल्या?’

मला इतकं हसू फुटलं, की चहा नाकात गेला.

वरच्या मेंढ्या कुठून आल्या हे उमापुरात शेंबडं पोरही सांगेल. आमच्याकडे मेंढरांचा खरा आकडा कोणी कोणाला सांगत नाही. सांगितला की नजर लागते. डॉक्टरला कमी सांगायचा, तलाठ्याला त्याहून कमी आणि पाहुण्याला तर हवेतच हात हलवून दाखवायचा. सांगणारा कमी सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात वाढवून घेतो, आणि व्यवहार सुरळीत चालतो. बहिणीनं हे वाढवून घेणं जसंच्या तसं प्रोग्राममध्ये बसवलं होतं. आकडा कोणीही सांगो, तो कमीच सांगितलेला असणार असं धरून तिचा प्रोग्राम गुपचूप औषध वाढवत होता. ती ज्या घरात वाढली तिथे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून लिहिण्याचं तिला सुचलंच नाही. कोऱ्या मशीनवर कोरी माणसं बसतात, हे ती विसरली.

तिनं त्या बाईला सगळं खरं खरं लिहून कळवलं. बाई खूश झाली, पण ढिली पडली नाही. हे वाढवणं आपोआप होता कामा नये, ज्याला हवं त्यानं मुद्दाम चालू करावं आणि ते कशासाठी आहे हे स्पष्ट लिहावं, असं तिनं सांगितलं. शिवाय आमच्या कोठारात अंदाज सांगणाऱ्या प्रत्येक पॅकेजला एक नियम लागू असतो. सोबत एक तरी खरं मोजमाप द्यावं लागतं, म्हणजे अंदाज कितपत बरोबर हे कोणालाही पडताळता यावं. मोजमाप ज्याच्या मालकीचं, त्याची परवानगीही लागते. सरळ सांगायचं तर कोणातरी मेंढपाळानं सांगितलेला आकडा आणि त्याचा खरा आकडा, दोन्ही जगासमोर मांडायचे होते.

बहिणीनं गावातल्या दोन-तीन घरी विचारून पाहिलं. एकानं तर तिला दारातूनच वाटेला लावलं. उरले तात्या.

“म्हंजी मपल्याच हातात हाय म्हण की,” तात्या फोनवर मला म्हणाले. निवडणूक बिनविरोध झाल्यावर जसा आवाज लागतो तसा त्यांचा आवाज लागला होता. त्यांना काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्या आनंदानं गप्प बसले.

मला त्यांचा संताप आला. मी बहिणीला म्हटलं, “तू मोज की गुपचूप. मेंढरं चरायला निघतात तवा दारात उभी ऱ्हा. परवानगीचं मंग बघू.”

“दादा,” ती म्हणाली, “नियम तुमीच लिवायचे आन् चोरवाट बी तुमीच दाखवायची का?”

ती तात्यांकडे रडत गेली नाही, भांडलीही नाही. बाईनं सांगितलेल्या दुरुस्त्या तेवढ्या तिनं करून टाकल्या.

दिवाळी झाली आणि मेंढरांना जंताचं औषध पाजायचा दिवस आला. मीही उमापूरला गेलो होतो, मेंढरं धरायला. शहरात राहून हात नरम पडलेत असं काकू म्हणतात, तर म्हटलं होऊन जाऊ दे. दर वेळी व्हायचं ते असं: तात्या पोरीला आकडा सांगायचे, ती प्रोग्रामला विचारायची आणि डॉक्टरला कळवायची, डॉक्टर तेवढं औषध आणून द्यायचा. या वेळीही तसंच झालं. एक एक मेंढरू पुढे येत गेलं, औषध पीत गेलं. आणि बाटल्या संपल्या तेव्हा मेंढरं शिल्लक होती. एखाद-दुसरं राहिलं असतं तर चाललं असतं, पण चांगली बाभळीखालची सगळी सावली भरून मेंढरं उभी होती.

“डॉक्टरनं कमी देलं,” तात्या तणतणले.

“तुमी सांगितलं तेवढंच देलं,” बहीण म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. “आदी प्रोग्राम वाढवून सांगायचा, तात्या. आता न्हाई सांगत. आपोआप वाढवायचं त्या बाईनं बंद करायला लावलंय.”

तात्या रिकामी बाटली हातात धरून उभे राहिले. बाभळीखालच्या मेंढरांकडे पाहिलं, मग पोरीकडे. “आन् मी समद्या गावाला सांगत हिंडतो, डॉक्टर लई दिलदार हाय म्हणून,” एवढंच बोलले आणि बाटली ठेवायला आत गेले. ते बाहेर आलेच नाहीत. उरलेली मेंढरं आम्ही दोघांनीच हाकलून नेली.

त्यानंतर तात्या मला भेटले ते पाहुण्यांच्या कार्यक्रमाला. त्यांनी ठरवलेले पाहुणे ठरल्या दिवशी, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आले. ओसरीत सतरंजी टाकली होती, काकू पोह्यांच्या बश्या आणत होत्या, मी पाण्याचे तांबे पुढे करत होतो. बहीण आत होती. ती साडी नेसली होती आणि चुलीपाशी पाटावर लॅपटॉप उघडून बसली होती. इतकं चांगलं काम आणि ते आता कोठाराच्या दारातून परत जाणार, या विचारानं मी माझी पोह्यांची बशी न खाताच बाजूला सारली. एरवी परत पाठवण्यात किती मजा येते मला!

पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, उसाच्या झाल्या. मग मुलाच्या वडिलांनी सगळे विचारतात तसं विचारलं, “मेंढरं किती हायेत म्हणावं?”

तात्या हात हलवतील म्हणून मी वाट बघत होतो. तात्यांनी घसा खाकरला आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला. नर किती, माद्या किती, कोकरं किती, सगळं वेगवेगळं. काकूंच्या हातातली बशी तिरकी होऊन पोहे सतरंजीवर सांडले.

“पुरा सांगितलाय,” तात्या आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले. “लिव्हून घे. मपलीच मेंढरं हायेत, मपली परवानगी हाय. कळीव तुझ्या बाईला.”

तो आकडा आता कोठारात आहे, जगात कोणालाही दिसतो. मी मात्र तो इथे लिहिणार नाही, शेवटी मीही त्याच घरातला आहे.

पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी सवयीप्रमाणे तो आकडा मनातल्या मनात वाढवून घेतला असणार. कारण मुलाच्या वडिलांचे डोळे एकदम मोठे झाले आणि पोरगी बाहेर यायच्या आधीच ते म्हणाले, “आमाला पोरगी पसंत हाय.”

“पसंत आसंल,” तात्या म्हणाले, “पर ती पुण्याला चाललीय.”

आतून टकटक ऐकू येत होती, ती थांबली. बहीण बाहेर आली. तिच्या एका मुठीत मीठ होतं, दुसरीत मोहऱ्या. सगळ्या पाहुण्यांसमोर ती तात्यांपुढे उभी राहिली आणि त्यांच्यावरून मुठी उतरवायला लागली. तात्या डोळे मिटून लहान पोरासारखे बसून राहिले, आणि तिचं उतरवून झालं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.