लेकीच्या घरचं पाणी

आटपाडीचं घर मी आईबापाकडून विकत घेतलं. जन्मले त्या घराचं कुणी खरेदीखत करतं का, असं लोक अजून विचारतात. सांगलीत नोकरीला असलेल्या भावाला तिथं प्लॉट घ्यायचा होता, म्हणून आबांनी घर विकायला काढलं. एक दलाल येऊन भिंती ठोकून बघून गेला. या वयात ही दोघं जाणार कुठं, म्हणून मी पुढं झाले. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, नवरा पलटणीत, मूलबाळ नाही. होतं नव्हतं ते सगळं घातलं. घर माझ्या नावावर, पण राहायचं तिघांनी, एवढा साधा बेत होता.

विट्याला जाऊन खरेदीखत केलं. सही झाल्यावर आबांनी कचेरीसमोरच्या हॉटेलात माझ्या पैशांनी दोन प्लेट भजी मिटक्या मारत खाल्ली. एसटीनं घरी परतलो. उन्हातून आलेले, म्हणून मी आडाचं ताजं पाणी शेंदून तांब्या पुढं केला. आबांनी हात मागं घेतला.

"आता न्हाई चालायचं. घर तुझं झालं. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतंय."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा! माझ्या भाड्याच्या खोलीवर यायची तेव्हा दोघंही पाण्याला शिवत नसत. नातवंड होईस्तोवर तशी रीतच होती आणि मी ती कधी मनाला लावून घेतली नव्हती. पण हा आड? आबांनी तरणेपणी स्वतः खणलेला. त्याचं पाणी ओढता ओढता आईची कंबर वाकली.

"आवं आबा, छप्पर चालतंय आन् पाणी तेवढं चालत न्हाई व्हय?"

"रीत म्हंजे रीत. तुला मूल झालं असतं तर गोष्ट येगळी."

हे माझ्या तोंडावर. मिशीला भज्याचं तेल अजून तसंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. आई सकाळ-संध्याकाळ शेजारणीकडून पाण्याची कळशी आणायची, त्या पाण्यात स्वतःच्या जोंधळ्याच्या भाकरी करायची. आणि शेजारीण पाणी भरायची कुठून? आमच्याच आडावरून! बहात्तरच्या दुष्काळापासून अख्खी गल्ली तिथंच भरत होती. तेच पाणी शेजारच्या उंबऱ्याला लागून आलं की आबांना गोड लागायचं. पारावर त्यांचं कौतुक व्हायचं, म्हातारा लय रीतीचा म्हणून. मला त्यांची शिसारी यायची. माझ्या पैशाला कधी विटाळ झाला नाही, तो फक्त माझ्या तांब्याला.

दिवाळीला भाऊ आला. त्याला पाण्याचं काही वावडं नव्हतं. फराळाला बसल्यावर आबांनी विषय काढला.

"ह्येच्या नावावर करून टाक घर. मग पोराचं घर झालं. आमाला पाणी चालंल. तुला काय कोण भाईर काढत न्हाई."

भाऊ मान खाली घालून करंजी खात राहिला. म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं होतं. प्लॉटही त्याला आणि घरही त्यालाच. मी आईकडं वळले. ती बोलेल असं मला खरंच वाटत होतं.

"आये, तू तरी बोल की."

आईनं चिवड्यातला खडा काढून बाजूला ठेवला. "कर की बाय," ती म्हणाली. "त्यात तुझं काय जातंय?"

मी सही दिली नाही. भाऊबीज उरकून दोघं भावाबरोबर सांगलीला निघाली. वाटेत तहान लागेल म्हणून आईनं शेजारणीच्या हातात तांब्या दिला. शेजारीण आडावर आली, तिथं मी पोहरा ओढत होते. तिची नजर वर उठेना. मीच तिचा तांब्या भरून दिला. तिनं तो आईला नेऊन दिला. आई माझ्यादेखत त्यातले दोन घोट प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि एसटीच्या वाटेला लागली.