मंडईपर्यंत न थांबता

ज्यांनी आयुष्यभर लिहिले त्यांच्या रांगेत पासष्टाव्या वर्षी घुसणे हा उद्धटपणा आहे, याची मला जाणीव आहे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षे मी इतरांची पुस्तके क्रमाने लावली. त्यांत आपलेही काही असावे, असे कधी मनात आले नाही. तरीही लिहिते आहे, कारण एका प्रश्नाला मी एकदा उत्तर दिले आणि ते द्यायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वाचकांनी क्षमा करावी.

तेव्हा माझे वडील नव्वदीला टेकले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ते तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. मोठ्या ढिगातून चार नग उचलायचे, तपासायचे आणि सगळा ढीग पास की नापास ते सांगायचे, हे त्यांचे काम. रोज सकाळी ते कसबा पेठेतल्या आमच्या घरून मंडईत पायी जात. पंच्याऐंशीनंतर त्यांच्यात एक नवाच गुण दिसू लागला होता, तो म्हणजे माणसांची आवड. पूर्वी शेजाऱ्यांना केवळ मानेने उत्तर देणारे हे गृहस्थ आता दुकानादुकानाशी थांबून बोलत. मला रिक्षावाल्याला ‘थांबा’ म्हणायचाही संकोच वाटे; त्यामुळे मला त्यांचा हेवा वाटे.

एका तपासणीत त्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निघाले. कारखान्यातल्या एका मित्राने रक्तवाहिनीत फुगा घालून ती रुंद करून घेतली होती. बाबांनाही तोच फुगा हवा होता, आणि लगेच. तरुण डॉक्टरांनी लॅपटॉप उघडला.

“आजोबा, या वयात आधी जिवाला धोका किती, ते बघावं लागतं. मी माहिती भरतो, अंदाज हा सांगेल.”

“हा कधी नव्वदीचा झालाय का?” बाबांनी लॅपटॉपकडे पाहत विचारले.

वय, वजन, मूत्रपिंड, हृदय, रक्तातली प्रथिने असे सगळे भरून झाले. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “न थांबता किती चालता?”

“कसबा पेठ ते मंडई.”

पडद्यावरची पट्टी हिरवी झाली. डॉक्टर खूश झाले, पण मला म्हणाले, “ताई, उद्या एकदा त्यांच्याबरोबर चालून बघा. हे उत्तर घरच्यांकडूनही घ्यायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी बरोबर निघाले. पहिला मुक्काम तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाशी पडला. बाबांनी बंबाचा भाव विचारला.

“साहेब,” तांबट हातोडी खाली न ठेवता म्हणाला, “तीन वर्षं मी तुम्हाला या बंबाचा भाव सांगतोय. आजपासून तुम्ही मला सांगत जा.”

पुढे टोपल्यांच्या दुकानातल्या बाईंनी आम्हाला पाहताच सूप पुढे केले. “बघा आणि ठेवा परत. आज लेकीला पण आणलंय वाटतं बघायला?”

मी लाजून ते सूप विकत घेतले. बाबांनी माझ्याकडे जी नजर टाकली, ती नापास नगाकडे टाकायची होती.

त्यानंतर घड्याळ दुरुस्तीचे दुकान लागले. ते बंद होते. बाबा तरीही थांबले आणि कुलपाकडे अत्यंत आस्थेने पाहू लागले. कुलूप काही बोलेना. मी त्यांच्या पायाकडे पाहिले. ते एक पाऊल किंचित उचलून उभे होते.

“बाबा, दुखतंय?”

“पोटरी आवळते. तिला जरा वेळ द्यावा लागतो, एवढंच.”

“मग या गप्पा?”

“नुसतं उभं राहिलं की लोक विचारतात, काका, बरं वाटत नाही का? भाव विचारला की कोणी काही विचारत नाही.” पाऊल खाली टेकवून ते म्हणाले, “हे डॉक्टरांना सांगायचं काही कारण नाही.”

पण पुढच्या भेटीत डॉक्टरांनी मला विचारलेच. बाबा समोरच बसले होते. आयुष्यात त्यांच्या शब्दाबाहेर न गेलेली मी खाली मान घालून म्हणाले, “मंडईपर्यंत तीनदा थांबतात.” पट्टी तांबडी झाली.

“हा अंदाज अशा पुष्कळ रुग्णांवरून काढलेला आहे, आजोबा,” डॉक्टर सांभाळून म्हणाले. “तुमचं नेमकं काय होईल, ते हा सांगत नाही. पण धोका पत्करून फुगा घालावा, असं मला आता वाटत नाही. गोळ्या घ्या आणि चालत राहा. दुखलं की थांबायचं, मग पुन्हा चालायचं.”

“चार नगांवरून ढीग नापास मी जन्मभर केला,” बाबा म्हणाले. “ढिगावरून नग नापास करणारे तुम्ही पहिलेच.”

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. भाजी बरी झाली आहे, हेही त्यांनी कामवाल्या बाईंच्या मार्फत कळवले.

पुढे ते चार वर्षे जगले आणि शेवटच्या महिन्यापर्यंत तसेच थांबत थांबत मंडईत जात राहिले. गेले ते न्यूमोनियाने. पायाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ‘फुगा घातला असता तर सरळ चालत गेलो असतो’ हे वाक्य त्यांनी चारही वर्षे मला ऐकवले. ती वर्षे माझ्या उत्तरामुळे मिळाली, की त्यांना हवी होती तशी चाल माझ्या उत्तरामुळे हुकली, हे मला कोणी सांगू शकले नाही.

आपण माझ्या जागी असता, तर डॉक्टरांना काय सांगितले असते?