मंगळवारी घातलेला लाल ब्लाउज

वेलिलेला शेजारच्या माभेलेबद्दल खरं तर फार थोडं माहीत होतं. शहराबाहेरच्या काळ्यांच्या वस्तीत, न्यू ब्रायटनमध्ये, दोघांच्या अंगणांत एकच तारेचं कुंपण, तेही अर्ध्या आयुष्यापासूनचं. पण तिचा नवरा कशाने गेला, हे कुणी विचारलं असतं तर त्याला खाली बघावं लागलं असतं. ती वारली तेव्हा तिच्या मुलांनी त्याला घरात बोलावून मेणबत्तीपाशी बसवलं. तिच्या गावी, केंटानीला, न्यायची गाडी ठरत होती. माणूस शहरात कितीही राहिलं तरी शेवटी गावीच नेतात, गोठ्यामागच्या वाडवडिलांच्या कबरींपाशी.

"ताता," थोरल्या लुंगिसाने विचारलं, "आई तुमच्यापाशी काही बोलली होती का?"

चारचौघांत बोलायचं म्हणजे वेलिलेला घाम फुटे. तरी तो बोलला. तिच्या आयुष्यातला एक दिवस तेवढा त्याला माहीत होता.

त्या मंगळवारी सकाळी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी. चर्चच्या बायकांचा हा गणवेश गुरुवारच्या प्रार्थनेला घालायचा, नाहीतर मर्तिकाला.

"आज गुरुवार आहे का गं?"

"मंगळवारच आहे. मला शहर बघायचंय, चालत, पाहुणे लोक बघतात तसं. चल."

"जन्मभर तिथेच तर कामाला होतीस."

"मडमच्या स्वयंपाकघरात होते. शहर खिडकीबाहेर होतं. पोरं म्हणतात, मेल्यावर गावी नेऊ. मी म्हटलं, माती मला लागणार आहे, तर दोन्हीकडची बघून घेते."

"पण हे कपडे?"

"पास दाखवल्याशिवाय आपल्याला शहरात फिरता यायचं नाही, त्या दिवसांतही या कपड्यांत शिपाई अडवायचे नाहीत. दुसऱ्या कपड्यांत शहरात कसं चालायचं, ते मला येतच नाही रे, जोला." ती त्याला कुळाच्या नावानेच हाक मारी.

वेलिलेला पोटातून वाटत होतं, हिने मेल्यावरही इथेच राहावं. कुंपणापलीकडे नाही, तर निदान पायी जाऊन येता येईल इतक्या अंतरावर. पण हे बोलायची त्याची छाती नव्हती.

शहरातल्या टॅक्सीतळावर उतरल्यावर त्याने ग्विन्या घेतल्या, गरम, मैद्याच्या, तेलात फुगलेल्या. तिने हात मागे घेतला. "गणवेशात रस्त्यावर खाल्लं तर आमची अध्यक्षीण मला जिवंत पुरेल."

"मग गावाचा प्रश्नच मिटला."

"चूप! ठेव खिशात."

बंदराजवळच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली पेपरवाल्याने तिला बघून टोपी काढली. "कोण गेलं, माय?"

"अजून कुणी नाही, बाळा. जागा बघायला निघालेय."

त्याने घाईघाईने टोपी परत घातली.

धापा टाकत दोघं टेकडीवर गेली. तिथे दीपस्तंभाशेजारी दगडी पिरॅमिड आहे. वेलिलेने पाटी वाचून दाखवली : एका गव्हर्नरने बायकोच्या आठवणीसाठी बांधला, शहराच्या नावातलं एलिझाबेथ ते तिचंच.

"ती राहायची कुठे?"

"ती आलीच नाही इकडे. हिंदुस्थानात तापाने वारली."

"म्हणजे पाय न ठेवता अख्खं शहर तिचं. आणि मी इथल्या चादरी धुतल्या." गणवेशात मोठ्याने हसत नाहीत, तिचे खांदे तेवढे हलले.

मडमचं घर तिथून जवळच होतं. आता तिथे वकिलांचं ऑफिस होतं. परसात, जिथे तिची खोली होती, तिथे फरशी घालून गाड्या उभ्या केल्या होत्या. ती फाटकाचे गज धरून बराच वेळ बघत राहिली.

"चल," ती म्हणाली. "नेऊ देत गावी."

वेलिले मागून चालू लागला.

खाली मोठ्या रस्त्यावर पालक विकणारी एक बाई तिला बघून उठली. "माय, दुःख कुणाचं?"

या वेळी माभेलेला थट्टा सुचली नाही. बाई काय समजायचं ते समजली. तिने माभेलेचे दोन्ही हात हातात घेतले आणि भजन उचललं. शेजारी दुकान मांडलेल्या बायका उभ्या राहिल्या. एकीने पर्सवर थाप देत ठेका धरला. एका टॅक्सीवाल्याने गाडीतलं गाणं बंद केलं. भजन संपलं, बायका परत आपापल्या पाटीपाशी बसल्या. नाव कुणी विचारलं नाही.

परतीच्या टॅक्सीत बसल्यावर माभेले म्हणाली, "माझं मर्तिक झालं की रे. त्या बायकांनीच केलं. आता गावाला करायचं काय उरलं? मी इथेच राहीन. पोरांना तू सांग."

"मी?"

"मग कोण? दुसऱ्या कुणी बघितलंय?"

त्याच रात्री झोपेत ती गेली.

वेलिलेने सगळं सांगितलं. लुंगिसा उठून बाहेर गेला. गावच्या वडीलधाऱ्यांना फोनवर तो हळू आवाजात सांगत होता, की आई इथेच राहणार आहे.

एवढंच एक वेलिलेने सांगितलं नाही, कारण ते सांगण्याजोगं वाटलं नाही. त्या संध्याकाळी तिच्या घराच्या फाटकाशी तिने टोपी काढली आणि हात पुढे केला.

"त्या ग्विन्या कुठेयत?"

"गार झाल्यात. खिसा तेलकट झालाय नुसता."

"होऊ दे. दे इकडे. एक तुला घे."

"नको, तू खा."

"बरं. जाताना फाटक लाव नीट, बोकड शिरतो."

"लावतो," तो म्हणाला.