ठसका आलाच नाही

मी कशावर पटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. दूधवाल्याचं माप तपासते, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीही आधी गुगल करते... नजर-बिजर तर विषयच सोडा. तरीही हे लिहितेय.

कोरोनाचे दिवस. नागपुरात मानकापूरला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा खापरखेड्याला ड्युटीवर अडकलेला. घरात मी, माझ्या दोन मुली — थोरली सानिका, धाकटी मुग्धा — आणि कन्हानहून आलेल्या माझ्या मोठ्या नणंद कुंदाताई. चौघीही पॉझिटिव्ह, पण सगळ्यांचं सौम्य. सानिकाला जरासा ताप, ऑक्सिमीटरवर आकडा छान. मी निश्चिंत होते.

दिवेलागणीला ताईंनी मुलींची नजर काढायला घेतली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या सानिकावरून ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या जळून काळ्या पडल्या, धूर झाला... पण ठसका नाही! कुणालाच नाही. आमच्याकडे ठसका आला नाही म्हणजे नजर जबर लागली, असं मानतात.

"ताई, कोरोनानं आपली नाकंच गेली न. नजर कशाची?" मी हसले.

मग त्याच पुडीतल्या मिरच्या मुग्धावरून ओवाळल्या. तव्यावर पडताच चौघी खोकून खोकून बेजार!

आता मात्र मला संशय आला. ताईंनी आधीच्या मिरच्या वेगळ्या घेतल्या असतील? तवा नीट तापला नसेल? मी मिरच्या स्वतः निवडल्या, सानिकावरून पुन्हा ओवाळायला लावल्या. नुसता धूर... बाकी काही नाही.

"हे बाहेरची नजर नाही वं," ताई हळूच म्हणाल्या. "हिची हिलेच लागली. हे मिरच्यानं उतरत नाही. काहून बसून राहिली तू? दवाखान्यात ने पोरीले!"

मला रागच आला. गेले ती त्यांचं तोंड बंद करायला. पण दवाखान्याच्या दारातच सानिकाला धाप लागली, आणि पुढचे कित्येक दिवस ती व्हेंटिलेटरवर होती.

एकाच घरात धाकटीला नुसतं पडसं आणि हिलाच एवढं का, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला बाहेर पाठवलं. रिपोर्टमध्ये ऑटोअँटीबॉडी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "विषाणूशी लढायला शरीर जे सोडतं, तेच हिच्या अँटीबॉडी अडवत होत्या. हिचं शरीरच हिच्यावर उलटलं. तुम्ही घरी थांबला असता तर..."

हिची हिलेच लागली!

ताई हे बोलल्या तेव्हा सानिकाचं रक्तसुद्धा काढलेलं नव्हतं. नंतर मी त्यांना आडून आडून खूप विचारलं, कुणाकडून ऐकलं होतं का?

"मी असं बोलली? मले तं आठवतच नाही वं."

खरं सांगतात की लपवतात, अजून कळलेलं नाही. सानिकाच्या आजाराचं कारण मला मिळालं. मिरच्यांचं कारण कुणीच देऊ शकत नाही.

सानिका आता ठणठणीत आहे. मी अजूनही नजर मानत नाही. पण तिच्या वाढदिवसाला ताई येतात, मिरच्या मी स्वतः आणते आणि जीव मुठीत धरून तव्याजवळ उभी राहते. ठसका आला की सगळे खिडकीकडे पळतात. मी मात्र तिथेच उभी राहून पोटभर खोकून घेते.