चौदा गाड्यांचं गाव

आमच्या ह्यांना, म्हणजे नंदकुमारना, कोणी गावाबद्दल विचारलं की माणूस खुलतो. तीस वर्षं भांडुपला छापखान्यात मशीन चालवली, पण ओळख सांगणार ‘आसनखोल ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस’. अहो, गाव तळकोकणात, तुम्ही इथे, चिटणीसगिरी कसली? त्यावर नुसतं हसणार.

गेल्या गणपतीत ग्रामपंचायतीने गावाच्या माहितीचा कागद यांच्याच हातात दिला. माणसं किती, वाहनं किती, येण्याजाण्याची सोय काय. तेव्हा सगळे मुंबईकर गावात लोटलेले. यांनी ओट्यावर बसून डोकी मोजली. एकशे ब्याऐंशी. मग खळ्यात, रस्त्याकडेला लागलेल्या गाड्या मोजल्या. आमची धरून चौदा. मी म्हटलं, “अहो, परवा सगळे निघाले की इथे राहतं कोण?” तर म्हणे, “नलू, गाव भरलेलं दिसू दे गं.” मीही तो कागद तसाच जाऊ दिला. तो माझा मूर्खपणा.

दिवाळीनंतर गावची सकाळची बस बंद झाली. चौदा गाड्या असताना बस कशाला, असं म्हणे वर ठरलं. यांनी अर्ज केले, फोन केले, कोणी दाद दिली नाही. मागे उरलेली तेवीस माणसं, सगळी साठीपुढची, चार किलोमीटर चालत फाट्यावर जाऊ लागली. त्यात माझ्या सासूबाई, विमलाबाई, वय अठ्ठ्याहत्तर.

माघातल्या एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी पोहे भिजवत होते.

“नलिनी, माका कायतरी चावला गो. पातेरो गोळा करी होतंय. हात सुजता.”

आंब्याखालच्या त्या पाल्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे. तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटर. शेजारच्या गावातली एकुलती रिक्षा बाजाराला गेलेली. अँब्युलन्सवाले म्हणाले, दीड तास लागेल.

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? ड्रॉवरमधून ती चौदा गाड्यांची यादी काढली आणि वरपासून फोन लावायला लागले! पहिला मुलुंडचा सर्वेश.

“सर्वेश, गाडी आहे ना रे तुझी? आईला न्यायचंय, पटकन!”

“आहे ना काका. बिल्डिंगखाली उभी आहे. कुठे येऊ?”

मग घाटकोपरचा सुयोग. त्याचीही बिल्डिंगखाली. मी हातातून फोन हिसकावला. “अहो, वेड लागलंय का? सगळ्या गाड्या इथे आहेत!” यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी भीती वाटली.

शेवटी गावातले, आईंच्या शेजारचे दशरथभाऊ, स्वतः सत्तरीचे, त्यांनी आणि आणखी तिघांनी आईंना खुर्चीत बसवलं, खुर्चीला बांबू बांधले आणि उचललं. वाटेत रेंज नाही. पाऊण तास फोन लागेना. हे खिडकीत उभे, खाली आमची धुतलेली गाडी. “मी मारली गं तिला,” एवढंच पुटपुटत होते. मी देवासमोर बसले, पण स्तोत्र आठवेना.

फाट्यावर चिऱ्याचा ट्रक मिळाला. त्या ड्रायव्हरचं भलं होवो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन वेळेत मिळालं, डॉक्टर म्हणाले अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं.

आठवड्याने आईंना भांडुपला आणलं. परवा यांनी नवा कागद लिहायला घेतला. वाहनं: एकही नाही. माणसं: बावीस.

आई पलंगावरून बघत होत्या. हात अजून काळानिळा. “बावीस कशाक? तेवीस लिही. मी शिमग्याक परत जातलंय.”

“आई, बस सुरू झालेली नाही अजून,” हे म्हणाले.

“म्हणान काय घर बंद करू?”

यांनी बावीस खोडून तेवीस केलं. शिमग्याला अकरा दिवस उरलेत आणि मी रोज सकाळी उठून बससाठी तालुक्याच्या एसटी डेपोला फोन लावते.